सदतीस नंबरचे सीताराम

विक्रोळीच्या एका चाळीच्या पुनर्विकासाची यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सर्व्हे दोन टोळ्यांनी दोनदा केलेला, त्यामुळे फाइलीत अर्धी माणसं दोनदा. बावीस वर्षं मी हेच निस्तरतेय. पर्ल या संगणकभाषेत चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली: रकान्यांमधल्या उभ्या दांडीवर ओळ तोड, नाव आणि खोली नंबर जोड, जोडी आधी दिसली असेल तर ओळ टाकून दे. मग उरलेल्यांतले मयत वगळ. नाव आणि खोली दोन्ही जुळणारी दोन माणसं कुठून येणार?

हरकतींच्या शेवटच्या दिवशी चार वाजता सोनूबाई परब आल्या. पाचला यादी पक्की होणार होती आणि तिच्यात खोली सदतीस नव्हती. यादीत नाव नाही तर नवं घर नाही.

"कोणाचं नाव शोधू, आजी?"

"नातवाचा. तो सांताक्रूझाक कामार गेलो हा, म्हणान मीच इलंय."

"नाव काय त्याचं?"

"बाबू," त्या एवढंच म्हणाल्या. सकाळपासून शंभर जणांशी डोकं लावून माझं डोकं उठलं होतं. शेवटी मीच मूळ फाइलीत सदतीस शोधली. सीताराम दशरथ परब, मयत.

"आजी, हे तर गेलेत."

"ते माझे घोव."

"मग नातवाचं नाव सांगा ना!"

त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. "ह्याच."

मी खाली सरकले. सीताराम दशरथ परब, वारस, वय एकतीस. नातवाला आजोबांचं नाव, त्याच्या वडिलांना त्यांच्या आजोबांचं. माझ्या स्क्रिप्टने आजोबा ठेवले, नातू टाकला आणि मग आजोबाही मयत म्हणून काढले. मला माझीच लाज वाटली.

अंगठा देणाऱ्यांचं म्हणणं मोबाइलवर रेकॉर्ड करायचा नियम होता. मोबाइल समोर धरला तेव्हा कळलं की ही बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून नातवाला एकतीस वर्षं नुसतं बाबू म्हणतेय.

"नाव घ्यावंच लागेल, आजी."

त्यांनी डोक्यावर पदर ओढला. डोळे मिटले.

"सीताराम दशरथ परब. माझो नातू. जिवंत आसा."

 

मी जोडीत जन्मवर्ष घातलं आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. परबांसोबत आणखी सहा ओळी परत आल्या. सहाही जण जिवंत होते. त्यांच्यापैकी कोणाचीच आजी आली नव्हती.