निळी ज्योत

बाळंतिणीने खिडकी उघडून बसावं, असं इंदुताईंनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. सून मयुरा मात्र शेकाची शेगडी खोलीत आली रे आली, की उठून तावदान सरकवायची. वर म्हणायची, डोकं जड होतं, मळमळतं. इंदुताईंनी शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात याला नखरे म्हटलं होतं. खापा गावच्या जुन्या घरी त्यांनी दोन पोरं याच शेकावर वाढवली, कधी डोकं धरून बसल्या नव्हत्या.

त्या सकाळी त्यांनी खिडकीच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं, दाराखाली चादर सरकवली, आणि मयुरा पुन्हा उठू नये म्हणून स्वतःच तिच्या पलंगाशी पाट टाकून बसल्या. नात तेवढी गच्चीवर, कोवळ्या उन्हात बापाच्या, दुर्गेशच्या मांडीवर होती. कोळशांवर निळी ज्योत नाचत होती. निळी ज्योत म्हणजे कोळसा जातिवंत, असं त्या सगळ्यांना ठासून सांगत.

थोड्या वेळाने त्यांचंच कपाळ ठणकू लागलं. पोटात ढवळलं. नुसतं म्हटलं असतं तर मयुरा लगेच उठली असती, पण तिच्यासमोर म्हणायचं कसं? दात आवळून बसून राहिल्या. शेवटी उठायला गेल्या तर गुडघे जागेवर नाहीत. मयुराची मान एका बाजूला कलली होती. हाक मारावी तर जीभ वळेना.

पोरगी भुकेने रडायला लागली म्हणून दुर्गेश तिला घेऊन खाली आला आणि अडकलेलं दार खांद्याने ढकललं, म्हणून दोघी वाचल्या.

दवाखान्यात दोघींच्या तोंडाला ऑक्सिजन लावला. तरुण डॉक्टरीणबाईने विचारलं, खोली कोणी बंद केली? इंदुताईंनी नजर छताला लावली. आणि मयुरा हळूच म्हणाली, "मीच. थंडी वाजत होती."

मग सगळ्या वॉर्डासमोर मयुराने बोलणी खाल्ली. एवढी शिकलेली, तरी कळू नये? कोळशाला हवा पोटभर मिळाली तर कार्बन डायऑक्साइड होतो, तोही कोंडलेल्या खोलीत बरा नाही. हवा अपुरी पडली की ऑक्सिजनचा निम्माच वाटा मिळतो, कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला ना वास ना धूर. रक्तात शिरून ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. निळी ज्योत असते ती त्याच विषाची. बाळ आत असतं तर, एवढं बोलून बाई थांबली.

इंदुताईंना खाप्याचं छप्पर आठवलं. कौलांच्या फटीतून चांदणं खाली सांडायचं. म्हणजे खिडकीचं काम तिथे कौलं करत होती, आणि तोरा त्या मिरवत होत्या. इथे स्लॅब, काचेची तावदानं, वर त्यांचं लुगडं. त्यांचे कान तापले. आयुष्यभर कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. आज त्यांच्या वाटचं सून ऐकत होती, मान खाली घालून.

त्यांनी मास्क बाजूला केला. डॉक्टरीणबाईला थांबा म्हटलं आणि सुनेकडे वळल्या.

"मयुरा, माह्यासाठी खोटं नको बोलू वं. लुगडं म्याच कोंबलं. तुहं डोकं दुखलं त्याले मी नखरे म्हटलं, अन् माहं दुखलं तं लाजेपायी गप बसली. तुह्या जिवापेक्षा मले माहा तोरा मोठा वाटला. आता शेगडी घरात येणार नाही, अन् खिडकी तुह्या मनानं उघडी राहीन. तू बरोबर होती, मी चुकली."