बरणीतली बॅटरी

राजेश्वरी गेली त्याला दोन वर्षं झाली, आणि या दोन वर्षांत तानाजी एकदाही रडला नव्हता. लोकांनी आधी वाट बघितली, मग काळजी केली, मग नाद सोडून दिला. दुसऱ्याच्या डोळ्यात वेळेवर पाणी आलं नाही की लोकांचाच जीव खालीवर होतो. तानाजीचा मात्र होत नव्हता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत नवरा-बायको एकाच दिवशी साताऱ्याला दवाखान्यात गेले आणि सतराव्या दिवशी तो एकटा घरी आला. येताना बायको तिकडंच राहिली आणि नाकाचा वासही. डॉक्टर म्हणाले, महिना-दोन महिन्यांत येईल परत. वासाबद्दल म्हणाले होते.

तो आला नाहीच. वास नाही म्हणून चव नाही, चव नाही म्हणून भूक नाही. मुलगी अपेक्षा कालवणात मीठ विसरली तरी तानाजी ताट स्वच्छ करून उठायचा. फौजेत सिग्नलमध्ये अठरा वर्षं काढलेला माणूस, बर्फात वायरी जोडलेला. आता सोप्यातल्या खाटेवर पडून पत्र्याचे खिळे मोजायचा. त्याला दुःख होत होतं असंही नाही. पाय बधिर झाल्यावर चिमटा काढला तरी कळत नाही, तसं त्याचं सगळंच झालं होतं. हे त्यालाही ठाऊक होतं, आणि त्याचंही त्याला काही वाटत नव्हतं.

अशात एक दिवस क्रांती मॅडम आल्या. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेतर्फे त्या माळावरच्या लांडग्यांचा अभ्यास करत होत्या. त्या आल्या होत्या तानाजीच्या वडलांकडं. नाथाजींचं वय अठ्ठ्याहत्तर, त्यातली साठ वर्षं मेंढरांमागं गेलेली. औंधच्या डोंगरापासून पार जतपर्यंतच्या लांडग्यांच्या वाटा म्हाताऱ्याला पाठ होत्या. त्यांनी सांगितलं तिथं, मुरमाच्या जुन्या खाणीपाशी, मॅडमनी कॅमेरा बांधला. समोरून गरम अंगाचं काही हललं की फोटो काढणारा. पण तो बारा सेल खायचा आणि दहा दिवसांत मान टाकायचा.

"दर वेळी सेल बदलायला पुण्याहून येणं परवडत नाही हो," मॅडम म्हणाल्या.

"खाली बारा व्होल्टचं सॉकेट हाय का?" खाटेवरून आवाज आला.

नाथाजींनी मान वळवून बघितलं. चुलीपुढची अपेक्षाही दारात येऊन उभी राहिली. न विचारता तानाजी दोन वर्षांत पहिल्यांदा बोलला होता.

सॉकेट होतं. मॅडमनी एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली. संस्थेकडं कॅमेरे मोजकेच. मार्च संपेपर्यंत इथं लांडगा दिसला नाही, तर हा कॅमेरा जतला हलवणार. तानाजीला लांडग्याचं सोयरसुतक नव्हतं. पण कॅमेरा गेला की पुन्हा खाट, हे त्याला कळलं. घरातल्या बाकीच्या दोघांनाही कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो आपणहून उठला. फवारणीच्या पंपातली बॅटरी काढून तिला रात्रभर चार्जिंग लावून बघितलं. दम होता अजून. लोणंदच्या बाजारातून वीस वॉटचं सोलर पॅनल आणलं. पॅनलची वीज बॅटरीला बेताबेतानं पाजणारी, काड्यापेटीहून थोडी मोठी अशी एक डबी येते, तीही आणली. मध्ये फ्यूज घातला. वायरी कापल्या, सोलल्या, पिळल्या, डाग दिला. गावातले चारजण येऊन बघून गेले. "लांडग्याला लाइट दाखवायला निघालाय फौजी," म्हणाले. तानाजीनं ऐकलं आणि डाग देत राहिला. सुंभ जळतो पण पीळ जात नाही. सोल्डरिंगचा एकेक थेंब त्यानं परेडला उभा केल्यासारखा सरळ लावला.

अडलं ते डब्यापाशी. बॅटरीला पाणी नको, धूळ नको, उंदीर नको. पत्र्याचा डबा उन्हात तापतो. त्यानं स्वैपाकघरात शोधाशोध केली आणि वरच्या फळीवरून पाच किलोची प्लास्टिकची बरणी खाली काढली. रुंद तोंड, लाल झाकण, झाकणात रबराची कडी. बॅटरी उभी घातली तर अगदी बेतानं आत जात होती.

"ही रिकामी हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

अपेक्षा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. तिनं बरणीकडं बघितलं, मग बापाकडं.

"व्हय," ती म्हणाली. "रिकामीच हाय."

त्यानं बरणी गरम पाणी आणि सोडा घालून तीनदा धुतली. अपेक्षा न्हाणीच्या दाराशी उभी राहून बघत होती. धुऊन झाल्यावर त्यानं बुडाला दोन भोकं पाडली. एक वायरीला, एक हवेला; बॅटरी तापते तेव्हा तिला श्वास घ्यायला वाट लागते. शिकवलं होतं तसं सगळं केलं. चूक काढायला जागा ठेवली नाही.

खाणीपाशी बाभळीच्या बुंध्याला कॅमेरा, त्याखाली दगडांच्या बेचक्यात बरणी, वर दक्षिणेला तोंड करून पॅनल. जोडणी अशी बसली की बॅटरी रात्रीसुद्धा साडेबारा व्होल्टच्या खाली उतरली नाही. तानाजी दर दोन दिवसांनी वर जायचा, पॅनलवरची धूळ पुसायचा, मीटर लावून आकडा वहीत लिहायचा. कॅमेऱ्यातलं कार्ड आणून फोटो फोनवर बघायचा. ससे दिसले, साळिंदर दिसलं, एक खोकड दिसलं, शेजाऱ्याची चुकार शेळी दिसली. सगळ्यात जास्त वेळा तो स्वतः दिसला, पॅनल पुसताना. लांडगा काही दिसला नाही.

तीन आठवडे गेले. मॅडमचा फोन आला, त्या चांगल्या बोलल्या, पण पुढच्या रविवारी कॅमेरा न्यायला येते म्हणाल्या. तानाजीनं "बरं" म्हटलं आणि खाटेवर जाऊन पडला. सकाळचं त्याचं जेवण झाकून ठेवलेलं तसंच राहिलं. तिन्हीसांजेला अपेक्षानं ते गाईपुढं ठेवलं.

मग नाथाजींनीच काठी उचलली. "ऊठ. मला वर घिऊन चल. तुजी मशीन बघू दे, आन् माजा लांडगाबी बघू दे."

तानाजीनं बापाला मोटारसायकलवर खाणीपर्यंत नेलं. म्हातारा कॅमेऱ्याकडं गेलाच नाही. वाऱ्याच्या खालच्या अंगाला, पंधरा-वीस पावलांवर, फुफाट्यात काठी टेकून वाकला.

"ह्यो बघ पंजा. कुत्र्यावानी पसरट न्हाई, लांबट हाय. सरळ आलाय हितवर. हितं थांबला. मग तिरका झाला, आन् मागं फिरला. एकदा न्हाई रं, तीनदा येऊन गेलाय."

"मग म्होरं का यीना?"

"लय शंकेखोर जात गड्या. कशाचा तरी वास लागला आसंल." नाथाजींनी तोंड वाऱ्याकडं केलं. नाकपुड्या फुलवल्या. मग ते काठी टेकत टेकत वाऱ्याच्या उलट दिशेनं चालत गेले, थेट दगडांच्या बेचक्यापर्यंत. खाली बसले. बरणीला हात लावला. उन्हानं ती कोमट झाली होती.

"आरं तानाजी," ते म्हणाले, "ही तर राजूच्या चटणीची बरणी."

सांगली भागातल्या माहेरची राजेश्वरी दर चैत्रात वर्षाची चटणी करायची. मिरच्या, कांदा, लसूण, खोबरं, सगळं भाजून डंकावर कुटून आणायची, आणि ती बरणी भरायची. त्या दिवशी गल्लीतली पोरं शिंकत हिंडायची. प्लास्टिकला एकदा तो वास लागला की साता जन्मांचा. दिवसभर बॅटरी तापायची आणि बुडाच्या भोकांतून तो माळावर जायचा. हे गावातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला पहिल्याच दिवशी कळलं असतं. तानाजीला कळायला नाकच नव्हतं.

"मी धुतली होती तीनदा," तो म्हणाला.

"धुतलीस, ते अपेक्षानं बघितलं." नाथाजी उठले नाहीत. "पोरगी रोज कॉलेजाला जायच्या आधी झाकण काढून नाक घालायची तीत. दोन वर्सं. चटणी संपली तरीबी फळीवरनं हलू दिली न्हाई तिनं ती."

तानाजीनं बरणीवरची धूळ तळहातानं पुसली.

"मग मला बोलली का न्हाई?"

"दोन वर्सांनी बाप खाटंवरनं उठला. कोण बोलंल?"

तानाजीनं स्क्रू काढले, वायरी सोडवल्या, बॅटरी बाहेर घेतली. विहिरीवर पाइपाचा एक जाड तुकडा पडला होता. बॅटरी त्यात बसवली, वायरीला आणि हवेला भोक ठेवून दोन्ही तोंडं बंद केली आणि जोडणी पुन्हा जशीच्या तशी केली. लांडगा चौथ्या रात्री आला, जोडीनं आला, हे इथंच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही त्याचीच वाट बघत बसाल. कॅमेरा जतला गेला नाही. पण ती पुढची गोष्ट.

त्या संध्याकाळी तानाजी बरणी पोटाशी धरून घरी आला. अपेक्षा कणीक मळत होती. त्यानं बरणी तिच्यापुढं ठेवली आणि तो पाटावर बसला. तिनं बापाकडं बघितलं नाही. भोकांकडं बघितलं.

"मला ठावं न्हवतं गं," तो म्हणाला.

"ठावं हाय मला."

तिनं कणकेच्या दोन गोळ्या केल्या आणि बुडाच्या दोन्ही भोकांत दाबून बसवल्या. मग झाकण उघडलं, पण नाक घातलं नाही. घाबरली होती. तानाजीनं तिच्या हातून बरणी घेतली आणि स्वतः तोंड आत घातलं. छाती भरून श्वास घेतला, एकदा, दोनदा, तीनदा. आत नुसती गार हवा होती. त्यानं बरणी परत दिली.

"तू बघ. ऱ्हायलाय का?"

अपेक्षानं डोळे मिटून वास घेतला. बराच वेळ.

"कमी झालाय," ती म्हणाली. "पर हाय."

"सांग मला. कसा यितोय?"

"आता कसा सांगू, पप्पा?"

"एकेक सांग."

तिनं पुन्हा नाक घातलं. "लसूण यितोय आदी. मग भाजल्यालं खोबरं. धनं." ती थांबली. "आन् करपल्यालं तीळ."

तानाजीची मान वर झाली.

"तीळ," तो म्हणाला. "दर साली करपवायची ती. दर साली मी वरडायचो तिला. म्हणायचो, एवढी मोठी झालीस, तीळ भाजाय येत न्हाईत तुला. आन् ती म्हणायची..."

काय म्हणायची ते त्याला सांगता आलं नाही. त्याचा आवाज मधेच फुटला, आणि मग तो पाटावर बसल्या बसल्या हमसून हमसून रडायला लागला, तोंडाला हात लावायचंही त्याला सुचलं नाही. सोप्यातून नाथाजींनी आत डोकावलं आणि ते तसेच मागं फिरले. अपेक्षानं कणकेच्या हातानं आधी बरणीचं झाकण घट्ट लावलं. मग बापाजवळ जाऊन बसली.