एका वेळी एकच चूक

बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. जन्मभर बस चालवलेला माणूस. अर्धांगवायूच्या झटक्याने उजवा हात लुळा पडला, तरी फिजिओथेरपी केंद्राचा अर्ज कॉम्प्युटरवर आपणच भरणार म्हणून अडून बसला. "तेवढंही जमत नसेल, तर उपचार कशाला हवेत?" असं त्यांनी लेकीला बजावलं होतं.

आणि लेक कोण, तर तोच अर्ज तपासणारा प्रोग्रॅम लिहिणारी. नशिबाची थट्टा म्हणतात ती ही.

बाबा डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करत होते. बटण दाबलं की लाल ओळ: फोन नंबरात आकडा कमी. तो भरला की दुसरी: जन्मतारीख उलटी. ती सुलटी केली की तिसरी. बाबांनी खुर्ची मागे सारली.

"याला संपायचंच नाहीये. माझंच डोकं गेलंय बहुतेक."

लेकीने पडद्यावरच्या लाल ओळीकडे पाहिलं. खोट डोक्यात नव्हती, तिच्या प्रोग्रॅममध्ये होती. तिने तपासण्या साखळीसारख्या ओवल्या होत्या. एक अडली की पुढच्यांना कुणी विचारतच नसे.

ऑफिसात तिच्या शेजारी एक घुम्या सहकारी बसायचा. आठवड्यात चार वाक्यं बोलणारा, त्यातली दोन त्याने तिची अडचण ऐकून तिच्यावर खर्च केली. "फोनला जन्मतारखेशी काय देणंघेणं? सगळ्यांना वेगवेगळं विचार आणि मग उत्तरं जोड."

जोडायचा नियम एवढुसा निघाला. दोन्ही उत्तरं बरोबर, तर पुढे जा. एक चुकलं, तर ती चूक ठेव. दोन्ही चुकली, तर दोन्ही चुका ठेव, एकीने दुसरीला गिळायचं नाही. तिने आधी पहिली दोन जोडली, मग तिसरं. मग उलट, आधी शेवटची दोन. निकाल तोच. पत्त्याच्या तपासण्यांचं आख्खं गाठोडं त्याच नियमाने आत बसलं. तिचे हात कीबोर्डवरच थांबले. इतकी वर्षं हे काम करून एवढ्याशा गोष्टीत इतकं मावतं हे तिला ठाऊकच नव्हतं, आणि तिला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी तिने बाबांना कसंबसं बसवलं. "एकदाच. नाही जमलं तर मी पुन्हा म्हणणार नाही."

कोरा अर्ज त्यांनी पहिल्यापासून भरला आणि बटण दाबलं. चार लाल ओळी एकदम उमटल्या. एक सोसवत नव्हती, तिथे चार.

बाबांनी त्या वाचल्या. मग त्यांचं बोट आख्ख्या अर्जावरून सावकाश खाली सरकलं.

"चारच?"

"चारच."

"म्हणजे बाकी सगळं मी बरोबर भरलंय?"

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. जुन्या प्रोग्रॅमला हे कधी सांगताच आलं नसतं.

"हो, बाबा. बाकी सगळं बरोबर आहे."

बाबांनी खुर्ची पुढे ओढली.