शुक्रवारी सुरू होणारी फियाट

पप्पांची फियाट सकाळी सुरू होईना, तेव्हा आईने तिच्यासाठी गिऱ्हाईक शोधलं. रविवारी आठला उल्हासनगरहून लखमीचंद शेठ येणार होते.

"दारात मेल्यासारखी उभी असते. माझ्याच्याने बघवत नाही," एवढंच आई म्हणाली.

पप्पांना जाऊन पाच महिने झाले होते. गाडी जाऊ नये असं यशोधराला फार वाटत होतं. पण तसं म्हणायला आधी गाडी सुरू तर व्हायला हवी.

विठ्ठलवाडीच्या कमलेश मेकॅनिकने प्लग बदलले, चोकची तार ओढून बसवली, बॅटरी चार्ज केली. पण तो यायचा दुपारी, आणि दुपारी फियाट एका चावीत उठायची. थंडीचे दिवस आहेत ताई, म्हातारी आहे, गोधडी सोडवत नाही तिला, असं म्हणून तो चहा पिऊन जायचा.

यशोधरा कॉलेजात ग्रंथपाल होती; नोंद ठेवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पंधरा दिवस तिने कॅलेंडरवर खुणा केल्या. रोज फुली. बरोबरची खूण फक्त दोन शुक्रवारी, आणि त्यातल्या एका शुक्रवारी तर महिन्यातली सगळ्यात कडक थंडी होती. म्हणजे थंडीवर उगाच आळ आला होता. मग शुक्रवारी अंबरनाथच्या त्यांच्या गल्लीत वेगळं काय असतं? नळाला पाणी नसतं.

शनिवारी पहाटे ती खिडकीशी उभी राहिली. पाच वाजता पाणी आलं आणि आई बादली घेऊन अंगणात उतरली. तिने गाडी धुतली, मग बॉनेट उघडून आतही निथळतं फडकं फिरवलं, लहान मुलाचे कान धुवावेत तसं, कोपरान् कोपरा.

पप्पा ऑर्डनन्स फॅक्टरीत लेथवर होते. पाळी संपली की मशीन पुसूनच पुढच्याच्या हवाली करायचं, ही तिथली शिस्त त्यांनी गाडीलाही लावली होती. पण ते पुसायचे संध्याकाळी, कोरड्या चिंधीने, इंजिन गरम असताना. त्यांचं काम आई पुढे चालवत होती, पहाटे आणि पाण्याने.

हे आईला सांगायचं कसं? शनिवार तसाच गेला.

रविवारी गिऱ्हाईक येणार म्हणून आईने गाडी जास्तच घासली. लखमीचंद शेठ आले, फियाटभोवती फिरले, खूश झाले. यशोधराने चावी फिरवली. घर्र, घर्र, आणि गप्प. शेठ आणखी खूश झाले. भाव पाडायला बरं.

यशोधरा उतरली. बॉनेट उघडून तिने डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि आईपुढे धरलं. आत दवासारखे थेंब होते.

"आई, यातून ठिणगी जाते. आणि आपण हिला रोज पहाटे आंघोळ घालतो."

आईने झाकण हातात घेतलं.

"आपण कुठे? मी घालते," ती म्हणाली. मग तिचे खांदे हलायला लागले. यशोधरा घाबरली, पण आई हसत होती, पाच महिन्यांत पहिल्यांदा. "तुझ्या पप्पांनी मला वर्षभर ऐकवलं असतं गं."

"दोन वर्षं."

आईने पदराच्या टोकाने झाकण आणि वायरी कोरड्या केल्या. यशोधराने चोक ओढला, चावी फिरवली. फियाट एकदा खोकली आणि सुरू झाली. आवाजाने समोरच्या गॅलरीत माणसं आली.

"अरे वा, एकदम मक्खन," शेठ म्हणाले. "बोला भाभी, आत्ताच घेऊन जातो."

"गाडी द्यायची नाही."

"काय भाभी, सुबह सुबह रिक्षा करून आलो मी."

"मग जाताना गाडीतून जा. बसा मागे."

आई पुढे बसली, घरातल्याच चपलांत. शेठही बसले. उल्हासनगर येईपर्यंत ते सीट दाबून, काच खालीवर करून, ही गाडी किती चांगली आहे ते सांगत राहिले, आणि आई प्रत्येक गोष्टीला मनापासून हो म्हणत राहिली.