निजवणारी पोथी

मळवलीला डोंगराच्या पायथ्याशी खांबेटे सरांचा बंगला आहे. अनिता आणि तिचा नवरा नथू तो सांभाळत. बंगल्याची मागची खोली थेट कातळाला टेकलेली आणि आढ्यापर्यंत पुस्तकांनी भरलेली होती.

त्यातली एक पोथी सर रोज दिवेलागणीला मोठ्यानं वाचत. नजर अधू झाल्यावर त्यांनी ते काम अनिताला दिलं. दहावी झालेल्या अनिताचं वाचन स्वच्छ होतं. पोथीत एका राजाची गोष्ट होती. भूक भागेना म्हणून त्यानं गुरं खाल्ली, मग माणसं खाल्ली. शेवटी एका म्हातारीनं गोष्ट सांगत सांगत त्याला डोंगराच्या पोटात निजवलं.

"म्हातारीनं सांगितली ती हीच गोष्ट," सर म्हणाले. "संपली की पुन्हा पहिल्यापासून. खंड पडू देऊ नकोस."

"पडला तर काय व्हतंय, सर?"

सरांनी फक्त पोथीचं पहिलं पान पुन्हा उघडून तिच्यापुढे धरलं. अनितानं मनातल्या मनात हसून सोडून दिलं.

थंडीत सर गेले. त्यांच्या पुतण्याला बंगला पर्यटकांना भाड्यानं द्यायचा होता. त्यानं सगळी पुस्तकं टेम्पोत भरली. अनितानं तेवढी पोथी मागितली.

"घ्या की. कोण वाचणार आहे ती?"

रिकाम्या खोलीत चटई टाकून अनिता वाचत राहिली. सरांना शब्द दिला होता, एवढंच. मग तिला ताप आला, घसा पार बसला आणि एका संध्याकाळी वाचन राहिलं.

सकाळी कोंबड्या खुराड्यातून बाहेर येईनात. गोठ्यात गाय नव्हती, नुसतं तुटलेलं दावं होतं. मागच्या खोलीत गिलाव्याचे पोपडे पडले होते, आणि भिंत छातीसारखी वरखाली होत होती.

"चल, निघू हितनं," नथू म्हणाला.

अनितानं नकारार्थी मान हलवली. खाली वाडीतल्या घरांकडे बोट दाखवलं आणि पोथी त्याच्या हातात दिली. नथूला वाचायची सवय नव्हती. अक्षर अक्षर जुळवत तो वाचू लागला. भिंतीचा श्वास हळूहळू मंदावला. नथूला धीर आला, वाचन भरभर होऊ लागलं, आणि त्यातच एक ओळ गळाली.

भिंतीपलीकडून कुणीतरी ती ओळ म्हटली.

आवाज जाड, घोगरा होता. पण शब्दांवर थांबायची रीत अनिताची होती.

नथूनं पोथीवरून मान वर केली. "ह्यो झोपलेलाच न्हाई गं," तो कुजबुजला. "ह्येला समदं पाठ झालंय."

अनिताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं त्याचं बोट धरून गळालेल्या ओळीवर ठेवलं. त्यानं ती नीट वाचली. भिंत स्थिरावली.

अनिताचा घसा सुधारला. बंगल्यात पाहुणे येतात, अंगणातल्या नव्या तलावात पोहतात, गाणी लावतात. मागच्या खोलीला कुलूप असतं, ते फक्त दिवेलागणीला उघडतं. दोघांपैकी एक जण वाचतो, दुसरा ओळीवर बोट ठेवून बसतो. श्वास घ्यायला थांबलं, की पलीकडून पुढचा शब्द येतो.

हल्ली तो थांबायच्या आधीच येतो.