लाल झाकण

ओव्हनमध्ये ट्रे सरकवण्याआधी त्याने सवयीने मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात कुणी नव्हतं. ट्रेवर केक नव्हता; त्याच्या जुन्या, दोन सीटांच्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचं झाकण होतं, नुकतंच लाल रंगवलेलं.

हा रंग भारी नखरेल. एकावर एक हात द्यायचे आणि मग चांगला तापवायचा, तेव्हा कुठे त्यावर बारीक सुरकुत्या उठतात आणि झाकण शर्यतीच्या गाडीसारखं दिसायला लागतं. एरवी कडक उन्हावरही भागवता आलं असतं, पण आठवडाभर आभाळ भरून होतं. बायको असती तर ओव्हनला हात लावायची त्याची छाती झाली नसती. पूर्वी एकदा त्याने विषय काढून पाहिला होता.

“अहो, सुरकुत्याच हव्यात ना? मग आरशासमोर उभे राहा,” ती म्हणाली होती. “माझ्या ओव्हनमध्ये केकशिवाय काही जाणार नाही.”

तिला जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि तेव्हापासून ओव्हन बंदच होता. आता रागावणारं कुणी नाही, असं बटण फिरवताना त्याने मनाशी म्हटलं, आणि त्याला मुळीच बरं वाटलं नाही.

सगळा खटाटोप लेकीसाठी होता. लहानपणी ती स्टुलावर चढून त्याच्या हातात पाने-पक्कड द्यायची आणि बॉनेटखाली बघून नाक मुरडायची. गाडी वरून एवढी नटलेली आणि आतून एवढी कळकट कशी, हे तिला पटायचं नाही. आता ती दर रविवारी यायची, पण पाहुण्यासारखी. खुर्चीच्या कडेला टेकायची, औषधं घेता ना, विचारायची, मग स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घ्यायची. बराच वेळ बाहेर यायची नाही. म्हातारा नीट खातो की नाही हे ती डबे उघडून बघते, असं त्याने ठरवून टाकलं होतं आणि ती तपासणी त्याला झोंबायची.

“आई आजारी होती तेव्हा तुम्ही त्या गाडीखालीच होतात,” असं ती एकदाच म्हणाली होती. खोटं नव्हतं ते. बायकोचं दुखणं त्याला बघवत नव्हतं. म्हणून आता ती गाडीच लेकीला देऊन टाकायची, आतूनही नटवून. त्या निमित्ताने तरी ती घरात घटकाभर जास्त थांबेल, एवढीच त्याला आशा होती. अॅल्युमिनियमचे पाइप त्याने तोंड दिसेपर्यंत घासले, रबरी नळ्या काळ्या कुळकुळीत केल्या, गंजलेले नट बदलले. राहिलं होतं फक्त झाकण.

झाकण झकास उतरलं. घर मात्र रंगाच्या वासाने भरून गेलं. लेकीच्या नाकाला हे कळलं तर खैर नाही, म्हणून त्याने साबण आणि सोडा घेऊन ओव्हन कोपऱ्याकोपऱ्यातून खरवडला आणि रविवारपर्यंत खिडकी सताड उघडी ठेवली. इतका लख्ख तो ओव्हन नवा असतानाही नसेल.

रविवारी ती आली. त्याने बॉनेट उचललं. ती कितीतरी वेळ वाकून बघत राहिली, मग लाल झाकणावरून तिने बोटं फिरवली.

“बाबा, हे तुम्ही केलंत?”

“मग काय, आपोआप झालं? घे किल्ली. आता ही तुझी.”

तिने किल्ली मुठीत धरली. डोळे भरून आले होते, पण ती हसत होती.

“आज जेवूनच जाते,” ती म्हणाली. “आलेच हं.”

आणि ती स्वयंपाकघराकडे गेली. त्याने बॉनेट लावलं, हात धुतले. किती दिवसांनी त्याला भूक लागली होती. ती येईना, तेव्हा त्याने लोटलेलं दार हळूच ढकललं.

ती ओव्हनसमोर जमिनीवर बसली होती. ओव्हनचं दार उघडं होतं.

“तुम्ही हा धुतलात?”

“झाकण यातच तापवलं ना. तुला रंगाचा वास येऊ नये, म्हणून...”

तिने आत वाकून पाहिलं. मग म्हणाली, “आईच्या केकचा वास राहिला होता यात. दालचिनीचा. दार जरासंच उघडायचे मी. संपू नये म्हणून.”

तिने ओव्हनचं दार आवाज न करता लावलं आणि ओट्याशी जाऊन त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

“बटाटे कुठे ठेवता?” तिने विचारलं.

त्याने टोपली दाखवली. खिडकी अजून सताड उघडीच होती. आता त्याचा काही उपयोग नव्हता, तरी त्याने जाऊन ती घट्ट लावून घेतली.