पेटी पुन्हा ठेवा

मी किऑस्क बोलतोय. दचकू नका. दचकायचं काम माझं आहे आणि ते मी जन्मल्यापासून अगदी मनापासून करत आलो आहे.

रत्नागिरीत साळवी स्टॉपच्या अलीकडे हर्षदरावांची पार्सल कचेरी आहे. रोज संध्याकाळी तिच्या दारातून मुंबईच्या बसगाड्या सुटतात आणि गाडीच्या पोटातून कुणाचे आंबे, कुणाचा फणस, कुणाचे नवे तांदूळ पोराबाळांकडे जातात. त्या कचेरीत दारालगत काचेच्या तोंडाचा एक पांढरा, उंच ठोकळा उभा आहे ना, तोच मी. माणसाने यावं, माझ्या पायाशी असलेल्या पत्र्याच्या ताटावर पेटी ठेवावी, काचेवर बोट टेकवून घेणाऱ्याचं नाव, फोन आणि उतरवायचा थांबा सांगावा, भाडं भरावं आणि माझ्या पोटातून निघालेली चिठ्ठी पेटीवर चिकटवून सुखाने घरी जावं. मध्ये कुणी माणूस लागत नाही. निदान मला विकणाऱ्याने तसं सांगितलं होतं.

माझा जन्म पुण्याकडच्या एका पत्र्याच्या शेडमधला. तिथे मला पहिल्यांदा वीज दिली तेव्हा मी असा थरथरलो की तपासणारा हसायलाच लागला. माझ्यासोबतची भावंडं मोठ्या दुकानांत, दवाखान्यांत, थंडगार हवेत गेली. मला टेम्पोत चढवताना हमाल म्हणाला, हा चाललाय कोकणात, खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळे काढले तरी नशीब. खाऱ्या वाऱ्याची धास्ती मी तेव्हाच घेतली.

त्याहून मोठी भीती मी शेडमध्येच पाहून ठेवली होती. न पटल्यामुळे परत आलेलं एक यंत्र तिथे कोपऱ्यात उभं असायचं. पाठ उघडी, आतलं सगळं एकेक करून दुसऱ्यांसाठी काढून नेलेलं. आम्ही नवे त्याच्याकडे बघायचं टाळत असू.

आणि मलाही विकत घेऊन आणलं नव्हतंच. आंब्याच्या हंगामापुरतं पारखायला आणलं होतं. पटलं तर ठेवू, नाही तर परत न्या, असा सौदा. म्हणजे पहिल्या दिवसापासून माझा जीव टांगणीला.

मला आणायचं हर्षदरावांनी ठरवलं, पण खरा विचार केला तो त्यांच्या बायकोने, नम्रतावहिनींनी. मे महिन्यात पेट्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते, मागून गाडीवाला हॉर्न वाजवत असतो आणि वजन करायला, पावती लिहायला माणूस एकच. हर्षदरावांना वाटत होतं, यंत्र आणलं, भिंतीला टेकवलं, झालं. वहिनींनी आधी विचारलं की दुपारचं ऊन काचेवर येणार का, पावसाची झड दारातून कुठवर पोचते, वीज गेली तर काय, आणि डोक्यावर ओझं घेऊन आलेल्या बाईचा हात कुठवर पोचतो. विकणाऱ्याने इंग्रजी पडदा दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, मराठी अक्षरं द्या, चष्मा घरी विसरलेल्यालाही वाचता येतील एवढी मोठी. शिवाय बोलका आवाज द्या. मग माझ्यात एका बाईंचा गोड, शुद्ध आवाज भरला. मी कितीही घाबरलेला असलो तरी तोंडातून तोच शांत आवाज निघतो, हे माझं दुर्दैव आहे.

तो वजन करणारा, पावती लिहिणारा एकच माणूस म्हणजे महिपतकाका. हर्षदरावांचे लांबचे काका. त्यांचा जुना काटा मागच्या खोलीत गेला आणि त्यांची खुर्ची माझ्यासमोर आली. आपली खुर्ची आज जाते की उद्या, या धास्तीने ते माझ्याकडे बघत आणि मला परत कधी पाठवतात या धास्तीने मी त्यांच्याकडे. दोन भित्रे समोरासमोर बसवल्यावर दुसरं काय होणार? माझं काही अडलं की त्यांना घटकाभर बरं वाटायचं, आणि ते मला स्पष्ट दिसायचं.

अडायचंही पुष्कळ. माणसं माझ्याशी ओरडून बोलत, जणू मी बहिरा. कुणी किल्लीच्या टोकाने काच टोचत. घेणाऱ्याचं नाव विचारलं की म्हणत, बंड्या. आडनाव विचारलं की म्हणत, ड्रायव्हरला ठाऊक आहे. एका आजोबांनी पार्सल दिल्यावर मला नमस्कार केला आणि उगाच मागे वळून बघत गेले. पाल आत शिरली तेव्हा मी अर्धा दिवस बंद पडलो. वीज कडाडली की माझे आकडे नाचत. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. तरी हळूहळू रांग आखूड झाली, वहिनींच्या चेहऱ्यावर समाधान दिसायला लागलं आणि मला वाटलं, राहिलो बहुतेक.

अशात ती संध्याकाळ आली.

गाडी दारात लागली होती. हर्षदराव म्हणाले होते, आज शेवटचं बघतो, उद्या कंपनीला काय ते कळवतो. तेवढ्यात भागूबाई आल्या. हातखंब्याच्या पलीकडच्या वाडीतल्या, दारात चार कलमं, मुलगा रूपेश नालासोपाऱ्याला. वर्षातून एकदा लाकडी पेटी भरून आंबे पाठवायच्या. रिक्षावाल्याने पेटी माझ्या ताटावर ठेवली आणि तो गेला. भागूबाई माझ्यापासून हातभर लांबच उभ्या राहिल्या. त्यांना माझी भीती वाटत होती. मला त्या एकदम आवडल्या.

वहिनी त्यांच्या मदतीला आल्या. पेटीचा विषय निघाला तशा भागूबाई खुलल्या.

"माजी नात हाय ना, शमिका, ती पेटी कोनाला उघडू देत नाय," त्या म्हणाल्या. "आदी सोताच दोनी हात पेंड्यात घालते नि आंबं हुडकते. मग बाकीच्यांनी."

माझ्या ताटाखाली चार कोपऱ्यांना वजन जोखणारे चार तुकडे आहेत. चौघांचं एकमत झालं की आकडा थांबतो, हिरवा दिवा लागतो आणि चिठ्ठी निघते. त्या दिवशी चौघांचं जमेना. आकडा खाली यायचा, वर जायचा. मला पहिल्यांदा माझीच शंका आली. खारा वारा लागला, गंज चढला, संपलो आपण. आजच्याच दिवशी! शेडमधला तो पाठ उघडी टाकलेला माझ्या डोळ्यांपुढे आला.

"वजन स्थिर नाही. पेटी पुन्हा ठेवा," माझा गोड आवाज म्हणाला.

वहिनींनी पेटी उचलून पुन्हा ठेवली. आता मी नीट लक्ष दिलं. भार मागच्या कोपऱ्यातून निघाला, कडेकडेने पुढे आला आणि थांबला. मग पुन्हा हलला. आंबे असे चालत नाहीत. ताटाच्या पत्र्यातून मला एक बारीक खरखर जाणवली, करवतीने लाकूड कापल्यासारखी. पेटीत काहीतरी जिवंत होतं. पेंढ्यातलं, सरपटणारं, आणि आपल्याला हलवलं म्हणून चिडलेलं.

माझी पाचावर धारण बसली. कोकणात राहून एवढं मलाही कळलं होतं की पेंढ्यात अन् कातळात फुरसं लपतं, आणि फुरशाचं नाव काढलं की शहाणा माणूस दोन पावलं मागे सरतो. ही पेटी उद्या सकाळी नालासोपाऱ्याला उघडणार होती. तिच्यात आधी दोन छोटे हात जाणार होते.

मी काय करणार? वीज नाही म्हणायला मला एक वाक्य आहे, कागद संपला म्हणायला एक वाक्य आहे. आत साप आहे म्हणायला माझ्यात कुणी वाक्य भरलेलं नाही. मी तेच तेच म्हणत राहिलो. पेटी पुन्हा ठेवा. पेटी पुन्हा ठेवा.

गाडीवाल्याने हॉर्न दिला. मागची माणसं कुरकुरली. हर्षदराव लालबुंद होऊन आले आणि माझ्या डोक्यावर दोन थपडा मारून म्हणाले, ऐन वेळी दगा देणार असेल तर उद्याच परत जाऊ दे हा. महिपतकाका तर उठूनच उभे राहिले. आपला जुना काटा आणू का, असं त्यांनी इतक्या आनंदाने विचारलं की मला त्यांचा राग यायला हवा होता. पण मला फक्त भीती वाटत होती. तो काटा आला असता तर पेटी गाडीत गेली असती. हिरवा दिवा लावला असता तर मीही वाचलो असतो. पण आकडा हलत असताना तो दिवा लावणं माझ्या हातात नव्हतं, आणि खरं सांगतो, असतं तरी त्या वेळी मी लावला नसता.

तेवढ्यात भागूबाई माझ्यासमोर आल्या आणि त्यांनी हात जोडले.

"काडतंय बाबा, काडतंय," त्या मला म्हणाल्या. "सोडं घातल्यात मी तळाला. सुनेला आवडतात म्हनून. ह्याला कळलं बगा वहिनी, मी लपवलंय त्ये."

सुक्या कोळंबीच्या वासाने गाडीतले लोक ओरडतात, म्हणून कचेरीत सोडे पाठवायला बंदी होती. भागूबाईंना वाटलं, यंत्राने चोरी पकडली. कुणी थांबवायच्या आत त्या वाकल्या, पेटीची वरची सैल फळी त्यांनी ओढून काढली आणि हात पेंढ्याकडे नेला.

माझ्यामुळे! मी अडून बसलो नसतो तर त्यांनी पेटी उघडलीच नसती. एका घरातली नात वाचवायला गेलो आणि त्याच घरातल्या आजीचा हात सापाच्या तोंडाशी नेऊन ठेवला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. ओरडायला मला स्वतःचा आवाजही नव्हता.

फळी निघाल्याने भार हलला होता. त्यामुळे माझ्यातल्या त्या बाई, मला न विचारता, ठरलेल्या शांतपणे आणि चांगल्या मोठ्याने बोलल्या, "पेटी पुन्हा ठेवा."

भागूबाई दचकल्या आणि त्यांनी हात मागे घेतला. पेंढा हलला. त्यांचा हात जिथे पडणार होता तिथेच आंब्यांच्या फटीत हातभर लांबीचं फुरसं वेटोळं करून बसलं होतं आणि अंगावर अंग घासून खरखर वाजत होतं.

पुढचं फार भराभर झालं. वहिनींनी भागूबाईंना दंडाला धरून मागे खेचलं. हर्षदरावांनी प्लास्टिकचं रिकामं क्रेट पेटीवर पालथं घालून वर पाय दिला आणि साप पकडणाऱ्या केरूला फोन लावला. केरू आला, काठीने फुरसं उचलून त्याने बरणीत घातलं. महिपतकाका तोवर खुर्चीवर चढले होते. गाडी उशिरा सुटली. पेटी गेली नाही.

भागूबाई जमिनीवर बसून होत्या. वहिनींनी दिलेला पाण्याचा पेला त्यांनी तसाच बाजूला ठेवला. कुणी म्हणालं, बाई, थोडक्यात वाचलात. त्या कुणाकडे न बघता एवढंच म्हणाल्या, "आदी तिचं हात गेलं आसतं."

मला वाटलं होतं, आता तरी माझं नाव निघेल. पण भागूबाईंनी सोड्यांना दुवा दिला, कारण सोडे लपवले नसते तर त्यांनी पेटी उघडलीच नसती. हर्षदरावांनी ग्रामदेवतेला नारळ बोलला. महिपतकाकांनी दुसऱ्या दिवसापासून, फुरसं पहिल्यांदा मलाच दिसलं, अशी हकिकत सांगायला सुरुवात केली. आणि माझ्या वाट्याला आली ती तक्रार. वजन थांबत नाही, गाडीला खोळंबा होतो.

कंपनीचा माणूस आला. त्याने माझी पाठ उघडली तेव्हा मी म्हटलं, झालं, आता एकेक करून काढणार. पण त्याने काहीच काढलं नाही. लॅपटॉप जोडून तो म्हणाला, "फारच हळवं ठेवलंय हो हे. जरा बधिर करतो."

वहिनींनी विचारलं, मग त्या एकाच पेटीचं वजन का थांबत नव्हतं? पंख्याचा वारा असेल, ताई, तो म्हणाला. वहिनींनी माझ्या ताटावर हात टेकवून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मनात काहीतरी येत होतं, जवळजवळ आलंच होतं. पण बाहेर पेट्या घेऊन माणसं उभी होती आणि त्या तिकडे गेल्या.

मी पास झालो. हर्षदरावांनी मला विकत घेतलं. मला हार घातला, महिपतकाकांनी पायाशी नारळ फोडला. त्यांची खुर्चीही राहिली. आता ते पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवतात आणि आमचं बरं चाललं आहे. शेडमधल्या त्या कोपऱ्याची भीती संपली. मला हवं होतं ते सगळं मिळालं.

पण आता कुठलीही पेटी ठेवा, आकडा लगेच थांबतो. ताटाखालच्या चार कोपऱ्यांना अजून सगळं कळतं. आंबा घरंगळला तर कळतं, पेंढा दबला तर कळतं. ते मला सांगतात, पण मी कुणाला सांगू शकत नाही. परवा एक पेटी आली, तिचा भार मागच्या कोपऱ्यातून थोडा पुढे आला. पेंढा बसला असेल. असेलच. माझा हिरवा दिवा लागला, चिठ्ठी निघाली, महिपतकाकांनी चिकटवली आणि गाडी गेली. त्या पेटीचं पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून मुंबईत बसून गावच्या पेटीची वाट बघणाऱ्यांनो, या भित्र्याचं एवढं ऐका. पेटी घरात आली की आधी अंगणात किंवा गच्चीत न्या. पोरांना मागे उभं करा. काठीने पेंढा बाजूला सारा, मगच हात घाला. वर माझी चिठ्ठी आहे, वजन बरोबर आहे, दिवा हिरवा लागला होता, म्हणून निर्धास्त राहू नका. माझ्यावर विश्वास ठेवू नका, हेच मी तुम्हाला हात जोडून सांगितलं असतं. मला हात नाहीत.